शिक्षण नाही, बोलायची भीती वाटते, तरी इंदुरात पहिलं काम कसं शोधायचं

हे कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. दहावी झाली नाही किंवा झाली पण पुढे काही नाही, सर्टिफिकेट नाही, अनुभव म्हणून दाखवायला काही नाही, आणि वरून कोणाकडे जाऊन "काम आहे का" विचारायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो, अशा सगळ्यांसाठी. त्यात अठरा-वीसची पोरं-पोरी आल्या, आजारपणात काही वर्षं घरातच गेलेले आले, मुलं मोठी झाल्यावर किंवा घरातलं कमावतं माणूस गेल्यावर पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या बायका पण आल्या. मी राजवाड्याजवळ एका कपड्याच्या दुकानात हिशोब बघते, नवीन माणूस ठेवायचा असला की शेठ त्याला आधी माझ्यासमोर बसवतात, त्यामुळे काम देणाऱ्याच्या बाजूने हे सगळं कसं दिसतं ते मला रोज बघायला मिळतं.

आणि जे बघते त्यावरून एक गोष्ट ठाम सांगते, आधी आत्मविश्वास येऊ दे मग काम शोधू असं ठरवून घरात बसू नका. तो काम लागल्यावर, दोन-तीन पगार हातात आल्यावर येतो. तोपर्यंत भीती वाटत असतानाच विचारायचं असतं, म्हणून खालचं सगळं घाबरलेल्या माणसाला जमेल अशाच बेताने सांगितलंय.

आधी कागदं

ह्यात कोणाशी फार बोलावं लागत नाही, म्हणून इथून सुरुवात. आधार कार्डवरचा मोबाईल नंबर चालू पाहिजे, कित्येकांचा जुना बंद पडलेला नंबर असतो आणि मग ओटीपी येत नाही, सगळं तिथेच अडतं. बँकेत खातं नसेल तर जनधनचं झिरो बॅलन्स खातं काढा, पगार खात्यात आला की तो पुरावा असतो. पॅन काढून ठेवा. समग्र आयडी म्हणजे राज्य सरकारच्या नोंदणीतला आपला नंबर, तो आपल्या मध्य प्रदेशात बऱ्याच सरकारी कामांना मागतात, सदस्याचा नऊ अंकी आणि कुटुंबाचा आठ अंकी, दोन्ही एका कागदावर लिहून ठेवा. जळगाव-धुळ्याकडून किंवा बऱ्हाणपुराकडून नुकते आला असाल तर दुकानातल्या कामासाठी समग्र अडत नाही, त्यासाठी थांबून राहू नका.

ई-श्रम कार्ड पण काढून घ्या. २०२१ पासून हे पोर्टल आहे, असंघटित कामगारांसाठी, वय १६ ते ५९, फुकट आहे. स्वतः मोबाईलवरून करता येतं, नाहीतर कॉमन सर्व्हिस सेंटरवर जा. कार्ड असलं म्हणजे काम मिळतं असं नाही हां, पण पुढे कुठल्या योजनेत नाव घालायचं झालं तर हाताशी असतं.

चार झेरॉक्स, चार फोटो, एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. मूळ मार्कशीट कोणाला म्हणजे कोणालाच ठेवायला द्यायची नाही, दाखवायची आणि परत घ्यायची.

"मला काहीच येत नाही" हे म्हणणं बंद

माझ्यासमोर बसून दहातले आठ जण हेच म्हणतात. मग मी विचारते की घरी काय करतोस, तर कळतं की आजोबांना दोन वर्षं तोच आंघोळ घालत होता, गॅसचा सिलेंडर तोच चढवतो, लाईटबिल-पाणीबिल तोच भरतो, गणपतीत कॉलनीच्या मंडळात खुर्च्या लावण्यापासून प्रसाद वाटण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे असतं. हे सगळं येणं आहे. आजारी माणसाची सेवा केलेली असेल तर हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय किंवा आया म्हणून, नाहीतर घरी म्हाताऱ्या माणसाकडे बघायला ठेवतात. बिलं भरता येत असतील तर दुकानातून बँकेत आणि ट्रान्सपोर्टवर पाठवायला भरवशाचं माणूस लागतंच. वीस माणसांचा स्वयंपाक एकटीने काढता येत असेल तर मेसमध्ये तुमची जागा आहे.

एक कागद घ्या आणि मागच्या एका आठवड्यात हाताने काय काय केलं ते लिहा, लाजू नका, कोणाला दाखवायचा नाहीये. त्यातल्या तीन गोष्टींवर खूण करा ज्या न थकता, न चिडता करता येतात. दुकानात विचारायला गेल्यावर याच तीन सांगायच्या. "कोई भी काम चलेगा" असं म्हटलं की समोरच्याला काहीच कळत नाही, त्याला विचार करायला लागतो, आणि कामाच्या वेळेत दुकानदार विचार करत बसत नाही, सरळ नाही म्हणतो.

इंदुरात कुठे काय मिळतं

हे जरा सविस्तर सांगते कारण लोक सगळीकडे एकसारखेच जाऊन विचारतात आणि दमतात.

पहिलं काम म्हणून मी जुन्या बाजाराला झुकतं माप देते, माझं स्वतःचं तिथे आहे म्हणून नाही, तर तिथे मालक स्वतः गादीवर बसलेला असतो, फॉर्म नाही, ईमेल नाही, इंटरव्ह्यूच्या तीन फेऱ्या नाहीत, तो माणूस बघतो आणि ठरवतो. राजवाडा, शीतलामाता बाजार, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट इकडे कपड्याचं काम, थान म्हणजे कापडाचे तागे उचलणं, घड्या घालणं, पार्सल बांधणं, गोदामातून माल आणणं. राखी झाली की दिवाळीपर्यंत आणि पुढे लग्नसराईत जास्तीची माणसं घेतात, ते दिवस नवख्यांसाठी चांगले, कारण घाईच्या दिवसांत कोणी शिक्षण विचारत नाही. घेताना "सीझन भर" म्हणून घेतात, पण काम बरं केलं तर सीझन संपल्यावर सगळ्यांना काढत नाहीत, एखाददुसरा ठेवून घेतातच.

सियागंज म्हणजे किराणा होलसेल, तिथे तोलणं, पॅकिंग, गोण्या, काम जड आहे, पाठीचा त्रास असेल तर जाऊ नका. जेल रोडला मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिकची दुकानं, ज्याला उघडून बघायची आवड आहे त्याने तिथे हेल्पर म्हणून घुसावं, पैसे सुरुवातीला कमी मिळतात पण रिपेअरिंग हाताखाली शिकता येतं. छावणीची धान्य मंडी आणि चोइथरामची फळ-भाजी मंडी पहाटेची कामं, लोकांच्या समोर फार बोलावं लागत नाही.

सांवेर रोड आणि पोलोग्राउंडला लहान-मोठे कारखाने आहेत, नमकीन, औषधं, प्लॅस्टिक, तिथे पॅकिंगला बायका बऱ्याच असतात आणि एकमेकींच्या ओळखीने लागतात, म्हणजे आपल्या गल्लीतली एखादी जात असेल तर तिलाच विचारा, गेटवर उभं राहण्यापेक्षा ते सोपं. पीथमपूर मोठं आहे पण ते धार जिल्ह्यात, इथून तासाभराची वाट, आणि हेल्परची भरती बहुतेक ठेकेदाराकडून होते. जायचं असेल तर कंपनीचं नाव आणि ठेकेदाराचं नाव दोन्ही विचारून घ्या, कारण पगार कोण देणार हे पुढे महत्त्वाचं होतं. जाण्या-येण्याचा खर्च आणि वेळ धरून हिशोब करा, कित्येक जण महिन्याभरात सोडतात ते ह्याच कारणाने.

भंवरकुआ भागात बाहेरगावची कोचिंगची मुलं हजारोंनी राहतात, त्यांच्यामुळे मेस, टिफिन, हॉस्टेल, अभ्यासाच्या लायब्रऱ्या, सगळीकडे माणसं लागतात. लायब्ररीत बसून एंट्री लिहिणं, एसी-पंखा-पाणी बघणं हे शांत काम आहे, फार बोलायला घाबरणाऱ्यांना मी आवर्जून सांगते.

विजयनगरचे मॉल आणि शोरूम मात्र पहिल्या कामासाठी धरू नका. तिथे कपडे, बोलणं, थोडं इंग्रजी सगळं बघतात, आणि तिथून दोन-तीन ठिकाणी नाही ऐकून आलात की पुन्हा महिनाभर घराबाहेर पडवत नाही. वर्षभर कुठे तरी काम केल्यावर जा, तेव्हा तेच लोक नीट बोलतात.

स्विगी, झोमॅटो, रॅपिडो, ब्लिंकिट हे आहेच. बोलणं कमी, मालक डोक्यावर नाही, म्हणून लाजऱ्या मुलांना बरं वाटतं. पण गाडी आपली, पेट्रोल आपलं, टायर आपला, पडलो तर हाड पण आपलंच, तेव्हा दिवसाला किती आले हे न बघता पेट्रोल आणि गाडीचा खर्च वजा जाऊन किती उरले ते महिनाभर वहीत लिहा. लायसन्स नसेल तर आधी लर्निंग काढा, त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, आणि लर्निंग सहा महिनेच चालतं. कोणाच्या तरी आयडीवर गाडी चालवायची नाही, काही झालं तर तुमचं नाव कुठेच नसतं.

आता आपल्या लोकांसाठी खास. इंदुरात मराठी येणं हे काम मिळवून देतं, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, टिळकनगर, इकडे कितीतरी घरांत फक्त आजी-आजोबा आहेत, मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेत. त्यांना औषधं वेळेवर देणारं, बँकेत-दवाखान्यात बरोबर येणारं, मऊ वरणभात करून देणारं आणि मुख्य म्हणजे मराठीत चार शब्द बोलणारं माणूस हवं असतं. मुलं तिकडून फोनवर विचारत असतात, "तिथे कोणी भरवशाचं मिळेल का". हे काम जाहिरातीतून मिळत नाही, देवळातल्या भजनी मंडळात, महिला मंडळात, कॉलनीतल्या किराणावाल्याकडे आणि मेडिकलवाल्याकडे सांगून ठेवलं की मिळतं. मेडिकलवाल्याला तर बरोबर माहीत असतं कोणाच्या घरी कोण आजारी आहे. तसंच पोळ्या, पुरणपोळी, दिवाळीचा फराळ, गणपतीत उकडीचे मोदक, याला मराठीच काय, मराठी नसलेल्या घरांतूनही मागणी असते. घरून विकायचं म्हटलं तरी एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याच्या वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, साधं रजिस्ट्रेशन करून घ्यावं, ऑनलाइन होतं.

सरकारी बाजूने जिल्हा रोजगार कार्यालय पोलोग्राउंडला आहे, तिथे नाव नोंदवा, अधूनमधून रोजगार मेळावे लागतात त्यात दहावी-नापासांना घेणाऱ्या कंपन्या पण येतात. नॅशनल करिअर सर्व्हिस हे केंद्र सरकारचं नोकऱ्यांचं पोर्टल आहे ते पण फुकट. मध्य प्रदेश सरकारची सीखो-कमाओ योजना २०२३ मध्ये आली, त्यात शिकताना महिन्याला ८ हजारांपासून पैसे आहेत, पण बारावी किंवा आयटीआय लागतं आणि वय १८ ते २९, तेवढं नसेल तर त्या फॉर्मच्या मागे लागू नका.

विचारायला जायच्या आधीचे काही दिवस

भीती जास्त असेल तर एकदम काम मागायला जाऊ नका. पहिले दोन दिवस फक्त सकाळी आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून दहाच्या सुमारास घराबाहेर पडा आणि ज्या बाजारात विचारायचंय तिथे एक चक्कर मारा, कुठल्या दुकानात गर्दी आहे, कुठे माणसं कमी पडतायत, कुठे मालक स्वतः माल काढतोय, एवढंच बघा. पुढचे दोन दिवस कुठल्याही दुकानात काहीतरी विचारायचं, भाव विचारा, पत्ता विचारा, "अमुक नंबरचं दुकान कुठे" विचारा. अनोळखी माणसासमोर आवाज फुटायची सवय होते. मग वाक्य पाठ करा, आरशासमोर नको, तिथे अजूनच लाज वाटते, घरातल्या कोणाला तरी समोर बसवून किंवा गच्चीवर जाऊन मोठ्याने म्हणा.

हिंदीत मराठी हेल येतो म्हणून पण लोक घाबरतात, विशेषतः खानदेशातून आलेले. इंदुरात ह्याचं कोणाला काही वाटत नाही, निम्म्या बाजाराला मराठी कळतं, "लड़का आया" च्या जागी "लड़की आया" झालं तरी कोणी काम नाकारत नाही.

आणि जर नुसती लाज नसेल, रात्र-रात्र झोप नाही, बिछान्यातून उठवत नाही, जगणं नको वाटतं, असं काही असेल तर ते काम शोधण्याच्या आधी बघायचं. टेली-मानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६, फुकट, दिवस-रात्र चालू असतो. त्यात कमीपणा नाही, ताप आल्यावर डॉक्टरकडे जातोच ना.

प्रत्यक्ष विचारताना

बोहनीच्या आधी कधीच जायचं नाही. दुकान उघडलं, झाडझूड झाली, अगरबत्ती लावली, शेठ पहिल्या गिऱ्हाईकाची वाट बघतायत आणि त्याच वेळी तुम्ही काम मागायला उभे राहिलात, तर ते बोलणार नाहीत कदाचित, पण मनात नाही म्हणून मोकळे झालेले असतात. संध्याकाळी पाचनंतर गर्दी, तेव्हा पण नाही. साडेअकरा-बारा ते दीड किंवा जेवणानंतर तीन ते साडेचार, तेव्हा गादीवरचा माणूस जरा निवांत असतो. दुकानात गिऱ्हाईक असेल तर बाहेर थांबा, तो जाऊ दे, मग आत या, आम्ही आतून बघत असतो की कोण थांबलं आणि कोण मध्येच घुसलं.

बरोबर मित्र असेल तर त्याला कोपऱ्यावर चहाच्या ठेल्यावर थांबवा. दोघं मिळून आत आले की दोघांना काम हवंय असं वाटतं आणि एकालाही मिळत नाही. आईला घेऊन येणारी मुलं पण येतात, आईच सगळं बोलते, मुलगा खाली बघत उभा, मग मी मुलाचं नाव विचारते तर ते पण आईच सांगते. मला त्या मुलाची माया येते, पण शेठ अशाला घेत नाहीत.

चप्पल काढायची असेल तिथे काढा, नमस्कार करा, आणि एवढंच म्हणा:

"नमस्ते सेठजी, काम के लिए पूछना था. माल उठाना, घड़ी करना, पार्सल बाँधना कर लूँगा. दो दिन करवा के देख लीजिए."

बस. हे शेवटचं "दो दिन करवा के देख लीजिए" फार उपयोगाचं आहे, कारण मालकाला कायमचं माणूस ठेवायची भीती असते, दोन दिवसांची नसते. पण त्या दोन दिवसांचे पैसे मिळणार का ते तिथेच विचारून घ्या, दोन दिवस ठीक आहे, "पंधरा दिवस फुकट करून दाखव" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

विचारतील, "पहले कहाँ काम किया?" खोटं सांगू नका, बाजार लहान आहे, एका फोनवर कळतं. "पहली बार है, पर घर का सब मैं ही देखता था, समय पे आऊँगा" असं सांगा. "पढ़ाई?" म्हटलं तर जितकी झाली तितकी सांगा आणि गप्प बसा, का सुटली, घरात काय झालं, ती कहाणी लांबवू नका. मधली वर्षं घरात का गेली असं विचारलं तर "तबीयत ठीक नहीं थी, अब ठीक है" एवढं पुरतं.

उत्तरं ओळखायला शिका. "अभी ज़रूरत नहीं" म्हणजे आत्ता नाही, महिन्याभराने परत गेलात तर चालतं. "नंबर दे जाओ" म्हणजे बहुतेक वेळा नाहीच, पण नंबर द्या, लिहून आणलेली चिठ्ठी द्या म्हणजे पेन शोधायला लागत नाही. "सोमवार को आना" म्हणजे मात्र खरंच सोमवारी जा, सांगितलेल्या वेळेला, कारण हे वाक्य आम्ही बरेचदा मुद्दाम म्हणतो, येतो का बघायला, आणि बहुतेक जण येत नाहीत. "बगल वाले के यहाँ पूछ लो" म्हटलं तर त्याच पावली शेजारी जा आणि "इन्होंने भेजा है" म्हणून सांगा.

एका दिवशी पाच ठिकाणं, त्याच्या वर नको. पाच झाली की घरी, काम मिळो न मिळो. वहीत दुकानाचं नाव, कोण भेटलं, काय म्हणाले, परत कधी जायचं, लिहून ठेवा. हे लिहिलं नाही तर डोक्यात फक्त "सगळे नाही म्हणाले" एवढंच राहतं, आणि लिहिलं की दिसतं त्यातल्या दोघांनी नंतर बोलावलंय.

घरातल्यांविषयी पण बोलायला पाहिजे. आपल्या मराठी घरांत अजून नोकरी म्हणजे टेबल-खुर्ची असं डोक्यात असतं, "आमच्याकडचा मुलगा थान उचलणार?" हे काका-मामा म्हणतात, आणि तेच काका सहा महिने घरी बसला म्हणून पण बोलतात. काम मिळेपर्यंत नातेवाईकांत जाहीर करू नका. ज्यांनी तुम्हाला काम करताना बघितलंय, मंडळाचे अध्यक्ष असतील, देवळाचे गुरुजी, शेजारचे रिटायर्ड काका, त्यांना मात्र सांगा, त्यांचा एक फोन मार्कशीटपेक्षा जास्त चालतो.

पैसे मागणारा दिसला की उठायचं

रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचे पैसे, ट्रेनिंग फी, गेटपास, लॅपटॉप डिपॉझिट, नाव काही असो, काम द्यायच्या आधी पैसे मागितले की तिथून निघायचं. घाबरलेल्या माणसाला हे लोक बरोबर ओळखतात, गोड बोलतात, पहिल्यांदा कोणीतरी नीट बोललं म्हणून आपण विरघळतो. घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, व्हिडिओ लाईक करून पैसे, टेलिग्रामवर टास्क, हे सगळं फसवणुकीतच येतं. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे हातातून जातात. अपना, वर्कइंडिया अशा ॲपवर काम बघायला हरकत नाही, पण तिथे पण हाच नियम. आणि आपलं बँक खातं, एटीएम, सिमकार्ड "कंपनीसाठी" कोणी मागितलं तर ते देऊच नका, त्या खात्यातून चोरीचे पैसे फिरतात आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

मुलींनी आणि बायकांनी पहिल्या भेटीला कोणाच्या घरी किंवा हॉटेलात बोलावलं तर जायचं नाही, दिवसा, दुकानात किंवा ऑफिसात. घरकाम किंवा म्हाताऱ्यांचं काम असेल तर पहिल्या दिवशी कोणाला तरी बरोबर न्या आणि घरी पत्ता देऊन जा.

हो म्हणायच्या आधी

काम मिळालं या आनंदात कोणी काही विचारत नाही आणि महिन्याने रडत येतात. पगार किती, कोणत्या तारखेला, सुट्टी कधी, सुट्टी घेतली तर किती कापणार, वेळ किती ते किती, हे पाच विचारायचेच. विचारताना आवाज थरथरला तरी चालेल. काही ठिकाणी पहिल्या दहा-पंधरा दिवसांचा पगार दाबून ठेवतात, ते आधीच विचारून घ्या.

किमान वेतन सरकार ठरवतं, अकुशल, अर्धकुशल, कुशल, उच्च कुशल असे प्रकार असतात, आणि त्यातला महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं ऑफिस भोपाळला नाही, आपल्या इंदुरातच आहे, चालू दर त्यांच्या वेबसाईटवर असतात, तो कागद एकदा बघून ठेवा म्हणजे आपल्याला किती कमी देतायत ते तरी कळतं. नियुक्तीपत्र मागा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्यात त्यात ते द्यायला सांगितलंय. लहान दुकानात देत नाहीत हे मला माहीत आहे, तिथे निदान व्हॉट्सॲपवर स्वतःहून मेसेज टाका, "सेठजी, आज से काम शुरू किया, इतना पगार, इतनी तारीख को", त्यांनी नुसता अंगठा दाखवला तरी ते लिहिलेलं राहतं.

कारखान्यात गेलात तर पीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, दोन्ही विचारा. पीएफला तुमच्या पगारातून १२ टक्के जातात आणि मालकाला पण भरावे लागतात. ईएसआय २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागतो, तुमचे कापतात फक्त पाऊण टक्का, त्यात तुमचा आणि घरच्यांचा इलाज होतो, नंदानगरला त्यांचं हॉस्पिटल आहे. "हातात जास्त देतो, पीएफ नको" असं म्हणाले की लोक खूश होतात, मी म्हणेन होऊ नका, एक ऑपरेशन निघालं की सगळं कळतं. कारखान्यात आठवड्याला ४८ तासांच्या वर काम केलं तर ओव्हरटाईम दुप्पट दराने असतो.

रोजची हजेरी आपल्या वहीत लिहा, आले किती वाजता, गेले किती वाजता. पगार अडकला तर आधी शांतपणे मागा, मग श्रम विभागात किंवा सीएम हेल्पलाईन १८१ वर तक्रार करता येते, आणि तेव्हा हीच वही कामाला येते.

पहिला आठवडा

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, चौथ्या दिवशी सोडणारे सगळ्यात जास्त. कारण काही समजत नसतं. आमच्याकडे नवीन मुलगा आला की त्याला म्हणतात "वो बड़े पन्हे वाला ला", त्याला पन्हा म्हणजे कापडाची रुंदी हेच माहीत नसतं, तो उभा राहतो, वरून कोणीतरी ओरडतं. एक होता, तो दर वेळी खिशातून छोटी डायरी काढायचा, पन्हा, अस्तर, फॉल, कट-पीस, सगळं लिहून घ्यायचा, साडी उलगडून दाखवल्यावर पुन्हा काठावर काठ आणून घडी कशी बसवायची ते दुपारी रिकाम्या वेळात एकटाच करत बसायचा, पदर बाहेरच्या बाजूला आला पाहिजे हे त्याला दोनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा नाही. बोलायला अगदीच लाजाळू, अजूनही आहे. पण आज काउंटरवर शेठ त्यालाच उभा करतात, कारण गिऱ्हाईकाने मागितलेलं थान तो न शोधता काढतो.

दहा मिनिटं आधी पोचा. नाही समजलं तर "एक बार और बता दीजिए" म्हणा, चुकीचं करून ठेवण्यापेक्षा ते बरं. जुन्या माणसांपैकी एकाशी तरी जमवा, जेवणाचा डबा त्याच्याबरोबर उघडा. फोन खिशात. कोणी ओरडलं तर त्या दिवशी निर्णय घ्यायचा नाही, रविवारी घ्यायचा. पण शिवीगाळ, हात उचलणं, अंगचटीला येणं, हे झालं तर रविवारपर्यंत पण थांबू नका, निघा, आणि घरी सांगा.

सहा महिन्यांनी

काम जमलं की शिक्षणाचं बघा, आता भीती कमी असते. दहावी राहिली असेल तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून घरून देता येते, दहावीला मराठी माध्यम पण आहे. आयटीआय नंदानगरला सरकारी आहे, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम अशा काही ट्रेडना आठवी पास चालते, हे कित्येकांना माहीतच नसतं. दुकानातच राहायचं असेल तर बिलिंग आणि टॅली म्हणजे कॉम्प्युटरवर हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर शिका, मी तशीच गादीपर्यंत पोचले.

दुसरं काम मिळालं तर पहिलं सोडताना गायब होऊ नका, फोन बंद करून बसू नका. पंधरा दिवस आधी सांगा, हिशोब चुकता करून घ्या, आणि शेठना विचारा, "आगे कोई पूछे तो आपका नंबर दे सकता हूँ?" ते हो म्हणाले की पुढच्या ठिकाणी "पहले कहाँ काम किया" चं उत्तर तुमच्याकडे नावासकट असतं.